पद्धति आणि प्रतीति

भाषा शिकविणाऱ्या मनुष्यास आयुष्यांत एकदां तरी असा प्रश्न पडतो कीं, आपण जें शिकवितों तें याच रीतीनें कां शिकवितों? बहुतेकांपाशीं त्याचें उत्तर तयार असतें. आपल्याला तसें शिकविलें गेलें म्हणून, किंवा वरिष्ठांनीं तसें सांगितलें म्हणून. अमेरिकेंतील महाविद्यालयांत अध्यापकाच्या जागेसाठीं अर्ज करणाराकडून त्याचें अध्यापनविषयक तत्त्वज्ञान एकदोन पानांत लिहून मागण्याचा प्रघात आहे. आतां आपल्याकडील कांहीं तरुण अध्यापकहि तशीं पानें लिहून मला दाखवावयास आणतात. तीं वाचतांना 'विद्यार्थिकेंद्रित', 'कृतियुक्त' हे शब्द सर्वांच्या लेखनांत सारखेच भेटतात. ज्याचें त्याचें असावयाचें जें तत्त्वज्ञान, तें सर्वांचें एकच कसें? या विचारांत असतां मीं एन. एस. प्रभु यांचा एक जुना निबंध पुन्हां वाचावयास घेतला. त्याचा परामर्श घ्यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रभु हे मद्रास येथील ब्रिटिश कौन्सिलमध्यें इंग्रजीच्या अध्यापनासंबंधीं काम पाहत असत. १९७९ ते १९८४ या काळांत दक्षिणेंतील कांहीं साध्या शाळांतून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला प्रयोग 'बंगलोर प्रयोग' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यापूर्वीं इंग्रजी वाक्यांचे सांचे ठराविक क्रमानें घोटून घेण्याची पद्धति तेथें रूढ होती. प्रभूंनीं ती बाजूस सारली. आगगाडीचें वेळापत्रक किंवा एखादा नकाशा मुलांपुढें ठेवावयाचा आणि विचार केल्यावांचून सुटणार नाहीं असें कोडें घालावयाचें: अमुक गाडी चुकली, तर तमुक गांवीं किती वाजतां पोंचतां येईल? प्रथम शिक्षकानें सबंध वर्गाला बरोबर घेऊन एक कोडें सोडवावयाचें. मग त्याच जातीचें दुसरें प्रत्येक मुलानें आपलें आपण सोडवावयाचें. मन अर्थांत गुंतलें म्हणजे भाषेची घडण नकळत अंगीं मुरते, ही त्यांची धारणा. या प्रयोगाची हकीकत त्यांनीं 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' या १९८७ सालच्या पुस्तकांत दिली आहे.

प्रयोगाचें मूल्यमापन अॅलन बेरेटा व अॅलन डेव्हिस या दोघांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. प्रयोगांतील वर्ग आणि जुन्या रीतीनें शिकलेले वर्ग यांची तुलना केली असतां, ज्यांना जें शिकविलें त्यांत ते सरस ठरले, असें सामान्यतः दिसून आलें. म्हणजे सांचे घोटलेलीं मुलें सांच्यांच्या परीक्षेंत पुढें, व कोडीं सोडविलेलीं मुलें कोड्यांत पुढें! प्रयोगाला या निकालानें कांहीं आधार दिला हें खरें. परंतु दोन पद्धतींचा झगडा तराजूंत घालून मिटविणें किती अवघड आहे, हेंहि त्यानें दाखविलें.

या पार्श्वभूमीवर १९९० सालचा त्यांचा निबंध वाचावयास हवा. सर्वोत्तम अशी पद्धति नाहींच, आणि ती कां नाहीं, हा त्याचा विषय. ज्या गृहस्थानें स्वतः एक पद्धति निर्माण केली, त्यानेंच असें लिहावें यांत मला मोठा प्रांजळपणा दिसतो. लोक या बाबतींत तीन गोष्टी बोलतात, असें ते दाखवितात. पहिली, पद्धति परिस्थितीवर अवलंबून असते. दुसरी, प्रत्येक पद्धतींत सत्याचा कांहीं अंश असतो. आणि तिसरी, 'उत्तम' या शब्दाचाच अर्थ पुन्हां तपासावयास हवा. पहिल्या दोहोंवर सभा सहज टाळ्या देते. प्रभु मात्र त्या दोन्ही उलटसुलट करून पाहतात. परिस्थिति म्हणावयाची, तर तिच्यांतील कोणती गोष्ट शिकविण्यावर परिणाम करते व कोणती करीत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. मायकेल वेस्ट यांनीं डाक्क्यास काम करतांना १९२६ च्या सुमारास असें प्रतिपादिलें कीं, बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षां वाचतां येण्याची गरज अधिक आहे, म्हणून आरंभ वाचनानें करावा. येथें परिस्थितीचा एक विशिष्ट घटक नांव घेऊन पुढें ठेवला आहे, म्हणूनच त्यावर वाद घालतां येतो. 'आमच्याकडची गोष्टच निराळी' एवढेंच म्हणणारावर वाद घालतां येत नाहीं. तोच न्याय सत्याच्या अंशाला. कोणत्या पद्धतींतील कोणता अंश खरा, हें न सांगतां सगळ्यांतलें थोडें थोडें घेणें म्हणजे निवड करण्याचें टाळणें होय.

तिसऱ्या मुद्द्याशीं निबंधाचें मर्म आहे. पद्धतींची तुलना फसते, कारण पद्धति कागदावर राहते आणि वर्गांत शिक्षक उभा असतो. शिकणें कसें घडतें याविषयीं त्याच्या मनांत अनुभवानें बनलेली एक समजूत असते. ती जागी असेल तर शिकविणें जिवंत होतें. या समजुतीला प्रभूंनीं दिलेल्या नांवाला मराठींत मी 'प्रतीति' म्हणतों. त्यांच्या मतें चांगल्या अध्यापनाचा खरा शत्रु वाईट पद्धति हा नसून यांत्रिकपणा हा आहे. आपल्या बोलींत याला 'पाट्या टाकणें' असा नेमका शब्द आहे. उत्तम पद्धति घेऊनहि पाट्या टाकतां येतात, हें ज्यानें चार वर्षें शिकविलें आहे त्याला पटवून द्यावें लागत नाहीं.

येथपर्यंत मी प्रभूंच्या बरोबर आहें. माझी शंका पुढची आहे. प्रतीति आणि हट्ट यांत फरक कसा ओळखावा? शिक्षकाचें मन पुरतें गुंतलें आहे, तो यांत्रिक मुळींच नाहीं, आणि तरीहि तो चुकत आहे, असें होऊं शकतें. मुलांनीं अनेक वर्षें निमूटपणें खाल्लेला मारहि कित्येक गुरुजींनीं मनापासून पटल्यामुळेंच दिला होता. प्रभु यावर एक उपाय सुचवितात: शिक्षकांनीं आपापल्या प्रतीतींची परस्परांत देवाणघेवाण करावी, म्हणजे त्या ताज्या राहतील. उपाय चांगला आहे. पण आमच्या खोलींत चहाच्या पेल्याबरोबर परीक्षांच्या तारखा व वेतनश्रेणी यांखेरीज फारशी देवाणघेवाण होत नाहीं. शिवाय एकाच सवयीचे दहाजण एकत्र आले तर सवय अधिकच घट्ट होते.

माझाच दाखला देतों. आमच्या वेळीं मराठी शाळांत इंग्रजी पांचवीपासून सुरू होई, आणि घरीं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. तिच्यावरच मी वाढलों. पुढें अध्यापक झाल्यावर भाषांतर ही जुनाट गोष्ट आहे असें ऐकलें, तें मनापासून पटलें, व माझ्या इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारण्यास मीं बंदी केली. खेड्यांतून आलेली एक विद्यार्थिनी निबंधांत लिही, 'माय मदर डिड नॉट गिव्ह मी टु गो'. मीं तांबड्या शाईनें 'लेट' हा शब्द लिहून दिला. पुढच्या निबंधांत तीच चूक. त्याच्या पुढच्यांतहि तीच. अखेर कंटाळून मीं तिला विचारलें, "तुला मराठींत काय म्हणावयाचें आहे?" ती म्हणाली, "सर, आईनें मला जाऊं दिलें नाहीं." त्या क्षणीं सगळा वर्ग हंसला आणि माझ्याहि डोक्यांत प्रकाश पडला. 'पुस्तक दे' यांतला 'दे' आणि 'जाऊं दे' यांतला 'दे' एकच दिसतो, पण इंग्रजींत त्यांचीं घरें निराळीं आहेत. हें मुलांनीं स्वतः शोधून काढलें, आणखी चार उदाहरणें जमविलीं, आणि ती चूक त्या वर्गांतून गेली. माझी कित्येक वर्षांची प्रतीति एका मुलीच्या एका वाक्यानें मोडली.

गोष्ट येथें संपती तर मी तिची बढाई मारली असती. पण पुढें काय झालें? मराठीचा आधार घेणें हाच माझा नवा धर्म बनला. प्रत्येक चुकीच्या मुळाशीं मराठी शोधावयाची, प्रत्येक पाठ मराठींतून उलगडावयाचा. कांहीं वर्षांनीं मागच्या बाकावरील एका मुलानें तास संपल्यावर अदबीनें सांगितलें कीं, त्याच्या घरीं कानडी बोलतात व मी जें 'आपल्या भाषेंत' म्हणून सांगतों, तें त्याला इंग्रजीइतकेंच परकें वाटतें. ज्या उपायानें एकीचें तोंड उघडलें होतें, त्यानेंच दुसऱ्याचें मिटविलें होतें. मीं पाट्याच टाकीत होतों. फक्त पाटी नवी होती. दुसऱ्या दिवसापासून 'तुमच्या घरीं हें कसें म्हणतात?' असें प्रत्येकाला विचारूं लागलों. ही रीतहि उद्यां जुनी होईल, हें मी जाणून आहें.

म्हणून प्रभूंच्या विचाराला मी एक जोड देऊं इच्छितों. त्यांनीं शिक्षकाला पद्धतीच्या दास्यांतून सोडविलें. परंतु त्या निबंधांत शिक्षकाची प्रतीति तपासणारा म्हणून विद्यार्थ्याला मिळालेली जागा मला अपुरी वाटते. वर्गांत साठसत्तर मुलें असतां प्रत्येकाचें ऐकणें शक्य नाहीं, हा आक्षेप खोटा नाहीं. पण मीं दोनदां शिकलों तो एकेका मुलापासून. आणि चुका असलेल्या वह्या तर आपण सगळेच तपासतों. चूक ही गुण कापण्याची जागा मानली तर तींतून कांहीं निघत नाहीं. ती आपल्यालाच विचारलेला प्रश्न मानली, तर तिच्यांतून आपली समजूत तपासली जाते. अध्यापनाचें तत्त्वज्ञान दोन पानांत लिहून देण्यास माझी हरकत नाहीं. तरुण अध्यापकांनीं त्यांत एवढी भर घालावी: अमुक गोष्ट मला पूर्वीं पटत होती, आतां पटत नाहीं, आणि तें मला अमक्या विद्यार्थ्यानें दाखविलें. हें ज्याला लिहितां येईल, त्याचीं तीं पानें दुसऱ्या कोणाच्या पानांसारखीं होणार नाहींत.

आईबापहि शाळा निवडतांना माध्यम कोणतें, बोर्ड कोणतें, पद्धति कोणती, हें बारकाईनें विचारतात. विचारावें, परंतु शिक्षकाशीं चार शब्द बोलण्याची संधि मिळाल्यास, आमच्या मुलाच्या चुकांवरून आपणांस काय दिसतें, एवढेंहि विचारून पाहावें. जो शिक्षक या प्रश्नावर क्षणभर थांबून खरोखर विचार करूं लागेल, त्याच्या हातीं मूल निश्चिंतपणें सोंपवावें. मग तो कोणत्या पद्धतीनें शिकवितो, याची फारशी चिंता करण्याचें कारण नाहीं.