नावाच्या जागी एक अक्षर

घोडबंदरला खाडीकडच्या एका खोलीत आम्ही आठ-दहा जणांनी एक सिनेमा पाह्यला. पायल कपाडियाचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’, 2021 चा. कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट माहितीपटाचं बक्षीस मिळालं. ते सोडा. सिनेमा संपला तेव्हा दिवा लावायला कोणी उठेना.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या वसतिगृहात पत्रं सापडतात. लिहिणारी ‘एल’. नाव एवढंच. जात आड आली म्हणून प्रियकराच्या घरच्यांनी त्याला तिच्यापासून तोडलेलं. पत्रं रचलेली आहेत. पण भोवतालचं खरं आहे : 2015 चा 139 दिवसांचा संप, रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरचा संताप, 2019 ला जामियाच्या वाचनालयात घुसलेले पोलीस. चित्रं काळी-पांढरी, दाणेदार. पोरं नाचतात, पण त्यांचा आवाज येत नाही. येतो तो ‘एल’चा, भुतानं कानाशी बोलावं तसा.

काहीजण म्हणतील, हे कलावाल्यांचे चाळे. मला तसं वाटत नाही. आपल्या आज्यांना गावकुसाबाहेरचं जगणं कुठं सलग सांगता यायचं? मध्येच तुटायचं, मग गप्प. तीच तुटकी आठवण या सिनेमाला सापडलीय.

पण भांडण आहेच. ‘एल’ची जात कोणती? सांगत नाही. वस्ती नाही, आईबाप नाहीत. म्हणे ती कुणीही असू शकते. अरे, जात ‘कुणालाही’ डसत नाही! नाव-गाव विचारूनच डसते. रोहितच्या मरणानंतर व्यवस्थेनं त्याच्या जातीचे कागद तपासले. ती पुसत नाही, मग आपण का पुसायची?

तरी सिनेमा एका जागी नेमका बोट ठेवतो. संपाच्या गर्दीत क्रांती सोपी असते, घरच्या उंबऱ्यावर ती अडते. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं बाबासाहेबांनी 1936 लाच ‘जातिसंस्थेचं निर्मूलन’मध्ये लिहून ठेवलं. प्रियकर तिथंच हरला. आपल्यातलेही किती जण मोर्च्यात पुढं नि घरात मुके!

म्हणून सिनेमा पाहा. भांडत पाहा. आणि घरी जाऊन आईच्या पत्र्याच्या पेटीतली पत्रं बाहेर काढा. ती छापताना अक्षर नको, पुरतं नाव लिहा.