लॅपटॉपवरील ‘ल’ : एक चिकित्सा

लॅपटॉपची चिकित्सा बहुधा वेग, स्मृती आणि किंमत या निकषांवर होते. अक्षराचा निकष दुर्लक्षित राहतो. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण मानली. कुंडलिकेकाठच्या अष्टमीतील मूल नदीचे नाव लिहिताना हाच ‘ल’ गिरविते. विंडोजमधील ‘मंगल’ या अक्षरसंचात मात्र त्याला हिंदी वळणाचा दंडयुक्त ‘ल’ भेटतो. या संचाचे रचनाकार र. कृ. जोशी स्वतः मराठी कवी व सुलेखनकार होते. त्यामुळे हा दोष अज्ञानाचा म्हणता येत नाही.

युनिकोडमध्ये दोन्ही रूपांना एकच संकेतांक आहे. भाषेनुसार रूप बदलण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे. परंतु त्यासाठी अक्षरसंचात मराठी रूप असावे लागते आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी लागते. शोधनिबंध टंकलिखित करताना आपण प्राध्यापक ही नोंद क्वचितच करतो.

तात्पर्य, उपकरण तटस्थ नसते. पाठ्यपुस्तक एक वळण शिकविते, पडदा दुसरे. आणि डोळ्यांसमोर अधिक काळ पडदाच असतो. महाविद्यालयीन संगणक खरेदीच्या निकषांत मराठी अक्षरसंचाचा समावेश होणे म्हणूनच अगत्याचे आहे.