डासजन्य विषाणुरोग आणि वनस्पतिजन्य औषधे : पुराव्याच्या निकषांची समीक्षा

प्रस्तावना :
पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की पपईच्या पानांच्या रसाचीही चर्चा सुरू होते. रस घेतला, प्लेटलेट वाढल्या आणि रुग्ण बरा झाला, ही हकिकत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. डेंग्यूच्या विषाणूचा थेट नाश करणारे मान्यताप्राप्त औषध आजही उपलब्ध नसल्यामुळे अशा उपायांकडे लोक आशेने पाहतात. वनस्पतींमध्ये औषधी गुण असतात, हे येथे गृहीतच धरले आहे. ते गुण कोणत्या कसोटीवर तपासले जातात, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्लेटलेट ही कसोटी पुरेशी आहे काय?
पपईच्या संदर्भात वारंवार उल्लेखिला जाणारा अभ्यास मलेशियातील असून तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 228 रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. सुमारे निम्म्या रुग्णांना तीन दिवस पानांचा रस देण्यात आला, तर उर्वरितांवर नेहमीचे उपचार झाले. सुमारे 40 तासांनंतर रस घेणाऱ्या गटातील प्लेटलेटची सरासरी लक्षणीयरीत्या वाढलेली आढळली. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला, हे या अभ्यासाचे श्रेय होय. मात्र दुसऱ्या गटाला रसासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य दिलेले नव्हते आणि कोणाला रस मिळतो आहे हे सर्वांना ठाऊक होते.

याहून महत्त्वाचा आक्षेप मोजमापाच्या निवडीवर घ्यावा लागतो. डेंग्यूमध्ये ताप उतरण्याच्या सुमारास प्लेटलेट कमी होतात आणि त्यानंतर बहुतेक रुग्णांमध्ये त्या आपोआप वाढतात. म्हणूनच तुलनागट नसलेल्या निरीक्षणांना फारसा अर्थ उरत नाही. रुग्ण दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरल्यामुळे आलेल्या आघाताने. प्लेटलेटचा आकडा या धोक्याचे पूर्ण चित्र देत नाही. सिंगापूर व मलेशियातील 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्लेटलेट 20,000 किंवा त्याहून कमी असलेल्या प्रौढ रुग्णांना रक्तस्राव होण्यापूर्वीच प्लेटलेट चढविण्यात आल्या. तरीही रक्तस्राव टाळण्यात विशेष लाभ दिसला नाही. बाहेरून प्लेटलेट देऊनही जे साधत नाही, ते रसाने आकडा वाढल्यामुळे साधले असे कसे म्हणता येईल?

परीक्षानळीपासून रुग्णापर्यंत :
दुसरा दोष प्रयोगशाळेतील निष्कर्ष थेट रुग्णाला लागू करण्याचा आहे. पेशीसंवर्धनात एखादा अर्क विषाणूची वाढ रोखतो, तेव्हा तो पेशींनाच मारतो आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. त्यानंतर, तेवढे प्रमाण मानवी रक्तात पोहोचू शकते काय, हा प्रश्न येतो. हळदीतील करक्युमिनविषयी प्रयोगशाळेतील अहवाल विपुल आहेत. परंतु तोंडावाटे घेतल्यास ते रक्तात अत्यल्प प्रमाणात उतरते. संगणकावर रेणू आणि विषाणूतील प्रथिन यांची जुळणी दाखविणे ही तर त्याही आधीची पायरी होय.

सेल्गोसिविरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियातील एका वृक्षाच्या बियांत आढळणाऱ्या कॅस्टॅनोस्पर्मिनपासून ते तयार केले जाते. पेशींवर व उंदरांवर ते प्रभावी ठरले. पुढे सिंगापुरात ताप येऊन 48 तास उलटले नाहीत अशा 50 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध सुरक्षित होते. परंतु रक्तातील विषाणूंचे प्रमाण किंवा ताप यांत लक्षणीय घट झाली नाही. हे अपयश प्रामाणिकपणे मांडले गेले, ही त्या संशोधनाची खरी कमाई होय. याउलट, हिवतापावरील आर्टेमिसिनिनने कठोर चाचण्या पार केल्या आणि त्याच्या शोधाबद्दल तू यूयू यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप हा विषाणुजन्य रोग नव्हे. तथापि कठोर कसोटीमुळे वनस्पतिजन्य औषधांचे महत्त्व कमी न होता सिद्धच होते, हे त्यावरून दिसते.

समारोप :
वरील विवेचनावरून महाविद्यालयीन संशोधनासाठी काही अपेक्षा मांडता येतील. वनस्पतीची शास्त्रीय ओळख, अर्काची पद्धत आणि सक्रिय घटकाचे प्रमाण यांची नोंद असावी. पेशींवरील विषारीपणा मोजलेला असावा. नकारात्मक निष्कर्षही प्रसिद्ध करावेत. केवळ पेशींवरील किंवा संगणकीय अभ्यासाला 'डेंग्यूवर प्रभावी उपचार' असे शीर्षक देऊ नये. कारण अशा शीर्षकाचा वाचक केवळ परीक्षक नसतो. घरी पपईच्या रसावर विसंबून राहणाऱ्या आणि पोटदुखी, सततच्या उलट्या, ग्लानी या धोक्याच्या लक्षणांकडे दुर्लक्ष करणाऱ्या रुग्णापर्यंतही ते पोहोचते. त्या रुग्णाला वेळीच रुग्णालय गाठण्याची आणि योग्य प्रमाणात द्रव मिळण्याची गरज असते. आपल्या लेखनामुळे त्यास विलंब होणार नाही, एवढी दक्षता संशोधक व मार्गदर्शक या नात्याने आपण घेतलीच पाहिजे.