देगासचे ‘ॲबसिंथ’ : चित्र, शीर्षक आणि पेयाचा परिणाम

प्रस्तावना : एदगार देगास (१८३४–१९१७) या फ्रेंच चित्रकाराचे ‘ॲबसिंथ’ हे १८७५–७६ मधील तैलचित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ॲबसिंथ या मद्याने मनुष्याचा कसा ऱ्हास होतो, याचा पुरावा म्हणून या चित्राकडे पाहिले जाते. चित्रातील आशय आणि त्यावर लादलेला आशय यांतील अंतर स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पेयाचे स्वरूप : ॲबसिंथ हे दवण्याच्या जातकुळीतील एक कडू वनस्पती, अनिस व बडीशेप यांपासून ऊर्ध्वपातनाने तयार होते. जिभेला प्रथम बडीशेपेसारखी गोडसर चव जाणवते आणि मागाहून कडवटपणा रेंगाळतो. तो सौम्य व्हावा म्हणून पेल्यावर सच्छिद्र चमचा ठेवून, त्यावरील साखरेवरून थंड पाणी सोडण्याची रीत रूढ झाली. पाणी मिसळताच मद्यातील अनिसचे तेल वेगळे होते आणि हिरवे मद्य दुधाळ बनते. चित्रातील स्त्रीसमोरचा पेला असाच दुधाळ हिरवट आहे.

चित्राची रचना : स्त्री व पुरुष शेजारी बसले आहेत, परंतु एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघांनाही चित्राच्या मध्यापासून उजवीकडे सरकवले आहे. टेबलांना पाय नाहीत, पाठीमागच्या आरशात काळसर छाया आहेत. एकाकीपणाचा प्रत्यय येतो तो या रचनेतून; पेला हा तिचा केवळ एक घटक होय. शिवाय ही दृश्यनोंद नसून योजलेली मांडणी आहे. अभिनेत्री एलेन आंद्रे आणि चित्रकार मार्सेलँ देबुतँ यांनी त्यासाठी बैठक दिली होती. १८७६ मध्ये चित्राचे नाव ‘कॅफेमध्ये’ एवढेच होते. १८९३ मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत ते ‘ॲबसिंथ’ या नावाने मांडले गेले आणि नीती-अनीतीचा वाद पेटला. स्थळाची जागा पेयाने घेताच थकवा हा व्यसनाचा परिणाम ठरला.

परिणामाचा प्रश्न : पेयाविषयीही असेच घडले. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका मजुराने पत्नी व दोन मुलींची हत्या केली. त्या दिवशी त्याने वाइनही भरपूर प्याली होती. तरी लोकमताने दोष ॲबसिंथला दिला. स्वित्झर्लंडमध्ये १९१० साली व फ्रान्समध्ये १९१५ साली बंदी आली. ॲबसिंथमधील थुजोन या द्रव्याने भ्रम होतो, अशी समजूत होती. बंदीपूर्व काळातील १३ नमुन्यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात थुजोनचे प्रमाण लिटरमागे सरासरी सुमारे २५ मिलिग्रॅम आढळले. भ्रमाचे स्पष्टीकरण देण्यास ते अपुरे होते. मद्यार्काचे प्रमाण मात्र काही प्रकारांत ७० टक्क्यांपर्यंत असे. हानी खरी होती. तिचे कारण प्रामुख्याने मद्यार्क हे होते.

समारोप : कलाकृतीला सामाजिक दस्तऐवज मानताना तिचे शीर्षक कोणी व केव्हा दिले, हे तपासणे अगत्याचे ठरते. ‘ॲबसिंथ’ हा शब्द बाजूला सारल्यास देगासच्या चित्रात व्यसनमुक्तीचा उपदेश उरत नाही. उरते ती महानगरातील दोन माणसांमधील न बोलली गेलेली शांतता. समीक्षेने प्रथम तिची दखल घ्यावयास हवी.