तंबोऱ्याला पडदे

या मोसमातल्या एका संगीत महोत्सवाच्या पोस्टरवर तंबोऱ्याला पडदे आहेत. सतारीला असतात तसे, चांगले ठळक. चित्र संगणकाकडून करवून घेतलेलं, हे उघडच आहे. पण समितीने ते पाहिलं, मंजूर केलं, गावभर लावलं. आणि जन्म तंबोरे जुळवण्यात गेलेल्या मंडळींपैकी एकालाही ते खटकलं नाही! पोस्टर ही बघायची वस्तू आहे, हेच आपण विसरलो आहोत.

बाकीचा माल आठवून पाहा. फ्लेक्सवर समई, त्याखाली कलावंतांच्या फोटोंचा हजेरीपट, त्याखाली आश्रयदाते; आणि त्यांचे फोटो पुष्कळदा गवयांपेक्षा मोठे. इंग्रजी वळणाच्या कलामहोत्सवांची पोस्टरं नीटनेटकी असतात, बंगळुरूतही तशीच खपतील. जुन्या काडेपेटीची नक्कल करणाऱ्या ‘रेट्रो’बद्दल न बोललेलंच बरं.

माझा जीव रमतो तो अक्षरांत. नाटकांची शीर्षकं रेखाटणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांना जागा मिळायची ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची. शाई काळी, कागद हलका. तेवढ्यात ‘मत्स्यगंधा’ किंवा ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ ही शीर्षकं अशी उभी राहायची, की नाटकाची जात वाचण्याआधी डोळ्यांना कळावी. हे देवनागरीत साधतं. शिरोरेषा ताणता येते, मध्येच तोडता येते. वेलांटी मागे झुकवता येते. जोडाक्षर उभं रचायचं की आडवं, हे मजकुराचा स्वभाव पाहून ठरवता येतं. विलंबित ख्यालाची आणि पखवाजाच्या परणीची अक्षरं एकाच वळणाची कशी असतील? शिरोरेषेवर रेंगाळणारा काना आणि ठोक्यावर तुटणारा काना यांत लयीचाच फरक आहे. संगीताच्या पोस्टरला याहून वेगळं चित्र कशाला हवं?

र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) अक्षराकडे कवी आणि सुलेखनकार अशा दोन्ही नात्यांनी पाहिलं. संगणकाच्या पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून त्यांच्या हातून घडलेला ‘मंगल’ हा टंक आपण हातभर मोठा करून चौकात टांगतो. ‘एक टाइप’ या टंकसंस्थेचा ‘बलू’ हा गोंडस, गुबगुबीत टंक. तोही मारव्याच्या मैफलीला बिनदिक्कत चिकटवतो. दोष टंकांचा नाही. यादीतला पहिला दिसेल तो उचलणाऱ्यांचा आहे.

आणि उचलतं कोण? समिती. कुणाचा फोटो कुणाच्या वर, कोणाला ‘पंडित’ आणि कोणाला ‘श्री’, यावर रात्र जागवायची आणि अक्षरांचा विषय फ्लेक्सच्या दुकानातल्या पोरावर सोडायचा! याउलट, स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ या लहानशा गावात निकलाउस ट्रॉक्सलरने १९७५ ते २००९ जाझ महोत्सव भरवला. त्याची पोस्टरंही तोच करायचा. संयोजक आणि चित्रकार एकच, त्यामुळे मानापमानाला जागा नव्हती. त्याच्या कितीतरी पोस्टरांवर वादकाचा चेहरा नाही. नुसती अक्षरं वाजतात.

‘लोक चेहरे बघून तिकीट काढतात’, हा समितीचा ठरलेला बचाव. मग शेडग्यांच्या अक्षरांवर जाहिराती चालवणाऱ्या नाटकांचे प्रयोग कसे भरायचे? शिवाय आजचं पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरतं. तिथे बारा चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे होतात. घरच्यांनाही ओळखू येत नाहीत. एक धडधडीत शब्द मात्र तिथेही वाचता येतो.

प्रश्न पैशांचाही आहे. मंडपवाला आणि स्पीकरवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मैदानात पाय ठेवत नाहीत. सुलेखनकाराला मात्र ‘तुमचं नाव छापू की’ असं सांगितलं जातं, आणि तेही शेवटी सौजन्याच्या गर्दीत दिसेनासं होतं. अंदाजपत्रकात त्याच्या मानधनाची वेगळी ओळ लिहा. प्रायोजकांची बोधचिन्हं पोस्टरवरून काढून तिकिटाच्या पाठीवर न्या. ते रागावतील म्हणता? रागावू द्या. त्यांच्यासाठी मंडपाच्या चारही बाजू मोकळ्या आहेत.