तांबड्या केंसांची साक्ष

रोमन इतिहासकार टॅसिटस यानें आपला सासरा अ‍ॅग्रिकोला, जो ब्रिटनचा सुभेदार होता, त्याचें चरित्र इ. स. ९८ च्या सुमारास लिहिलें. इतकें आटोपशीर व गंभीर चरित्र जुन्या वाङ्मयांत क्वचितच सांपडेल. त्याच्या अकराव्या प्रकरणांतील एका विधानापाशीं मात्र आम्ही दर वेळीं अडखळतों. कॅलेडोनियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर स्कॉटलंडच्या, रहिवाशांचे तांबूस केंस व थोराड अवयव पाहून ते मूळचे जर्मन होत, असा निकाल ग्रंथकार देऊन टाकतो.

गंमत अशी, कीं याच प्रकरणांत गॉलसमोरच्या किनाऱ्यावरील लोकांविषयीं लिहितांना तो रक्त आणि हवामान अशीं दोन्ही कारणें पुढें मांडतो, व मगच आपला कल सांगतो. ही सावधगिरी कॅलेडोनियाच्या वांट्यास कां आली नाहीं? आम्हांस वाटतें, तांबूस केंसांचा जर्मन ही मूर्ति त्याच्या मनांत आधींच कोरलेली होती. जर्मन लोकांवरील त्याच्या ग्रंथांतही तीच दिसते.

आज या साक्षीची उलटतपासणी करतां येते. १९९५ सालीं तांबड्या केंसांचा संबंध 'एम्. सी. १ आर्.' या जनुकाशीं जोडला गेला. त्याचें बदललेलें रूप बहुधा आई व बाप या दोघांकडूनही यावें लागतें. एकाकडूनच आलें तर तें पिढ्यानुपिढ्या दडून राहूं शकतें. शिवाय हीं रूपें अनेक आहेत. शेजारच्या दोन तांबड्या केंसांच्या मुलांत तीं निरनिराळीं असूं शकतात. मग सारखा रंग एका कुळाची खूण कसा ठरावा? सोनेरी केंसांची कथा तर वेगळीच. त्यांच्याशीं निगडित असलेल्या एका बदलाचा ज्ञात असलेला सर्वांत जुना मागमूस सैबेरियांतील सुमारें सतरा-अठरा हजार वर्षांपूर्वींच्या अस्थींत लागला आहे.

समुद्रापलीकडून माणसें आलीं, हें मात्र खोटें नव्हे. इ. स. पू. २५०० च्या सुमारास युरोपखंडांतून लोक ब्रिटनमध्यें येऊं लागले आणि कांहीं शतकांतच तेथील सुमारें ९० टक्के वंशधारा पालटली, असें २०१८ सालीं प्राचीन अस्थींवरून दाखविण्यांत आलें. पण तें टॅसिटसच्या अडीच हजार वर्षें आधीं! त्या मंडळींस जर्मन म्हणणें म्हणजे आजोबांस नातवाचें नांव देणें.

टॅसिटसला निदान दुसरें साधन नव्हतें. जॉन बेडो या डॉक्टरानें १८८५ सालच्या आपल्या ग्रंथांत काळ्या केंसांच्या संख्येतून तांबड्या व सोनेरी केंसांची संख्या वजा करून प्रांतोप्रांतींच्या वंशांचें गणित मांडलें. आंकडे आले म्हणून तर्क सुधारला नाहीं.

आपल्याकडेही कोंकणांतील घाऱ्या डोळ्यांवरून समुद्रापारचे पूर्वज शोधण्याचा उद्योग पुष्कळ झाला. वधूपरीक्षेस आलेल्या पाहुण्यांपैकीं एखादे काका मुलीच्या डोळ्यांकडे पाहून "तुमचें मूळ कोठलें?" म्हणून अजूनही विचारतात.