कै. नारायण धारप यांच्या गूढकथा : मूळ, आधार व काल

ज्या पानांत बखरी, करीने, महजर व शकावल्या यांचा विचार व्हावयाचा, त्यांत भुताखेतांच्या कथा लिहिणाऱ्या ग्रंथकारास स्थान कां द्यावें, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यास पहिलें उत्तर असें कीं, कै. वि. का. राजवाडे यांनीं इ. स. १९०२ मध्यें 'कादंबरी' हा निबंध लिहून अद्भुत व वास्तव अशा दोनहि प्रकारांची चिकित्सा केली. दप्तरें चाळणाऱ्या हातांस ती कमीपणाची वाटली नाहीं. दुसरें उत्तर असें कीं, धारपांच्या ग्रंथांविषयीं जो वाद चालतो तो मूळ कोणतें व अनुकरण कोणतें, आधींचें कोणतें व मागाहूनचें कोणतें, या स्वरूपाचा आहे. आणि असले वाद सोडविण्याचीं साधनें रसिकापेक्षां संशोधकाजवळ अधिक असतात.

नारायण धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ रोजीं व मृत्यु १८ ऑगस्ट २००८ रोजीं झाला. शिक्षणानें ते रसायनतंत्राचे पदवीधर होते. भयकथा, गूढकथा व विज्ञानकथा या तिन्ही क्षेत्रांत त्यांनीं विपुल लेखन केलें. पीडितांच्या साहाय्यास धावणारा सिद्धपुरुष 'समर्थ' व त्याचा सोबती अप्पा ही जोडी त्यांच्या वाचकांच्या घरोघरीं परिचित झाली. 'लुचाई', 'ग्रहण', 'चेटकीण' या त्यांच्या कादंबऱ्या व 'अनोळखी दिशा' हे कथासंग्रह अद्याप वाचले जातात.

आक्षेप असा घेतला जातो कीं, हें सर्व उसनें आहे. आक्षेपास आधार नाहीं असें नव्हे. 'लुचाई'चें मूळ अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरींत आहे, आणि 'आजी' या कथेचें मूळ त्याच ग्रंथकाराच्या 'ग्रॅमा' (१९८४) या कथेंत आहे. परंतु एवढ्यावरून निकाल देणें म्हणजे शेवटची नक्कल पाहून साऱ्या पोथीपरंपरेस खोटें ठरविणें होय. पंचतंत्र पहलवींत गेलें, तेथून आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें तें 'कलिला व दिम्ना' या नांवानें अरबींत आणलें. त्या अरबी ग्रंथास कोणीं चोरी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. अरबी सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनीं मराठींत उतरविल्या, त्यांचेंहि ऋण आपण आनंदानें मानतों. कथा देशांतर करते हा तिचा स्वभावच आहे. विचारावयाचें तें हें कीं, नव्या हातानें काय बदललें व तें बदलणें त्यास कां भाग पडलें.

या कसोटीस धारप उतरतात असें आमचें मत आहे. पाश्चात्य रक्तपिपासु पिशाचाच्या कथेंत क्रूस हें शस्त्र असतें. 'सेलम्स लॉट'मध्यें पाद्र्याची श्रद्धा डळमळतांच तें शस्त्र निस्तेज होतें. तथापि त्याच्यामागें एक चर्च, एक दीक्षा, एक अधिकारपरंपरा उभी असते. मराठी गांवांत अशी संस्था नाहीं. धारपांनीं तिची जागा व्यक्तीच्या साधनेस दिली. समर्थाचें सामर्थ्य त्यास कोणा पीठानें बहाल केलेलें नसून तपानें मिळविलेलें आहे, आणि त्याच्या नांवांतच महाराष्ट्रास एका थोर पुरुषाचें स्मरण होतें. आंग्ल वाङ्मयांतहि भूतबाधेचा शोध घेणारे नायक पूर्वीं झाले. अल्जर्नन ब्लॅकवुड यांचा जॉन सायलेन्स १९०८ चा. परंतु तो वैद्य आहे आणि समर्थ हा साधक आहे. हा भेद केवळ पोशाखाचा नव्हे.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा आहे. आपल्या लोककथांतील मुंजा, हडळ, समंध यांस पूर्ववृत्त असतें. मुंजा हा मुंज होऊन विवाहापूर्वीं वारलेला मुलगा. समंध हा वारसाहीन किंवा धनांत जीव गुंतलेला. त्यांचा कुळाशीं, झाडाशीं, पाणवठ्याशीं संबंध असतो, म्हणून त्यांस नैवेद्यानें वा शांतीनें निरोप देतां येतो. धारपांच्या प्रमुख कथांतलें अनिष्ट बहुधा नात्याबाहेरचें असतें. तें शमवितां येत नाहीं, नष्टच करावें लागतें. परकी वास्तु विकत घेणाऱ्या, शेजाऱ्याची सात पिढ्यांची माहिती नसलेल्या नव्या मध्यमवर्गाचें हें भय आहे. तें मराठींत आणणें ही भर आहे. परंतु त्या भरीपायीं देशी पिशाचांचें करुणरम्य अंग त्यांच्या हातून बव्हंशीं सुटलें, ही हानिहि नमूद केली पाहिजे. तसेंच, समर्थ येऊन पोंचला कीं वाचकाचें भय संपतें. त्यामुळें आमच्या मतें ज्या कथांत समर्थ नाहीं, त्याच अधिक कसदार उतरल्या आहेत. 'आजी' ही त्यांतलीच.

या 'आजी'चा पुढील प्रवास पोथ्यांच्या अभ्यासकांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेल्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाचें बीज, दिग्दर्शकांनींच सांगितल्याप्रमाणें, मित्राच्या तोंडून ऐकलेल्या धारपांच्या कथेंत आहे. आणि नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेलें. अमेरिकेंतील छापील कथा, तिचा मराठी पाठ, त्याची मौखिक आवृत्ति व शेवटीं पडद्यावरील हिंदी कथा, अशा चार पायऱ्या येथें चाळीस वर्षांच्या आंत पडल्या. मधली मराठी पायरी काढून टाकली तर ही वंशावळ जुळत नाहीं. उसनवारीचा आक्षेप घेणाऱ्यांनीं हेंहि पाहावें कीं, घेणारा येथें देणाराहि झाला आहे.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. किंग यांची पहिली कादंबरी १९७४ सालीं प्रसिद्ध झाली. धारपांचें लेखन त्यापूर्वीं पुष्कळ वर्षें चालू होतें. तेव्हां सर्वच कथा त्या एका ग्रंथकाराच्या पदरीं बांधणें कालदृष्ट्या अशक्य आहे. पूर्वीच्या कथांचे आधार, असल्यास, अन्यत्र शोधले पाहिजेत. परंतु कोणती कथा केव्हांची हें ठरविण्यास प्रथमावृत्ति हवी, आणि अडचण येथेंच आहे. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० पासून १९५० पर्यंतचे ग्रंथ नोंदवून थांबते. धारपांचे ग्रंथ त्या मर्यादेपलीकडे पडतात. १८६७ च्या कायद्यानें पूर्वीं होत असे ती मुद्रित ग्रंथांची नोंद व १९५४ च्या कायद्यानें राष्ट्रीय ग्रंथालयांकडे पाठवावयाच्या प्रती यांवर एक आशा आहे. पण लोकप्रिय कादंबऱ्यांच्या प्रती नियमानें पोंचल्याच असतील असें गृहीत धरून चालणार नाहीं.

खरा सांठा वाचनालयांत होता. तेथें अशा पुस्तकांचें प्राक्तन ठरलेलें असे : हलका कागद, शेंकडों हात, फाटलेलें मुखपृष्ठ, मग जाड पुठ्ठ्याची बांधणी व तींत कापला गेलेला नामपत्राचा कांठ. पुढील पुनर्मुद्रणांत मूळ साल गळालें म्हणजे काळाचा शेवटचा पुरावाहि जातो.

आम्ही हें ज्या श्रीपुराहून लिहीत आहों, तें माळशिरस तालुक्यांतील गांव विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत साखर कारखान्याभोंवतीं वाढलें. अशा नव्या वस्तींत पेशवाई रुमाल थोडेच सांपडावयाचे. तेथील लोक कामावरून परतल्यावर काय वाचीत, कशाला भीत व कशानें धीर धरीत, याचा लेख म्हणजे वाचनालयाचें नोंदपुस्तक व हीं फाटकीं पुस्तकेंच होत. शंभर वर्षांनीं येथील मनाचा इतिहास लिहिणाऱ्यास दुसरें साधन क्वचितच मिळेल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, धारपांचें जुनें पुस्तक हातीं आल्यास त्याचें नामपत्र, प्रकाशक, मुद्रणालय, साल, किंमत, प्रस्तावना व मागील पानावरील जाहिराती यांची नक्कल करून ठेवावी. कथा दिवाळी अंकांत प्रथम आली असल्यास तो अंक राखावा. आणि पुन्हा बांधणी करवितांना मूळ मुखपृष्ठ टाकूं नये. धारप श्रेष्ठ कीं कनिष्ठ हें पुढील पिढी ठरवील. त्यासाठीं तिच्या हातीं तारीखवार प्रती असाव्या, एवढें कर्तव्य मात्र आपलें आहे.

श्रीपूर, जि. सोलापूर.